बॅरलची व्हाली झाली तो किनारा

सयाजीराव गायकवाडांच्या कामांची यादी मराठी वाचकाला बऱ्यापैकी पाठ असते. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालयं, होतकरू मुलांना शिष्यवृत्त्या. त्या यादीत एक काम सहसा कुणी घालत नाही. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा ओखामंडळ हा मुलूख तेव्हा बडोदा संस्थानात होता. द्वारका त्यातलीच. इथल्या समुद्रात काय काय आहे आणि त्यातून संस्थानाला काही उत्पन्न होईल का, हे पाहायला महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला बोलावलं. १९०५-०६च्या हंगामात हॉर्नेलने हा किनारा धुंडाळला आणि जमवलेले जीव ज्या त्या विषयाच्या जाणकारांकडे धाडले. स्पंज आर्थर डेंडी यांच्याकडे गेले. अंगावर शंख नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी सर चार्ल्स एलियट यांच्याकडे गेल्या. हे गृहस्थ पेशाने मुत्सद्दी. पुढे ते जपानमध्ये ब्रिटनचे राजदूत झाले, हिंदू आणि बौद्ध धर्मांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, आणि हे सगळं सांभाळून ते गोगलगायींचा अभ्यास करत राहिले. ओखामंडळच्या अहवालाचे दोन भाग १९०९ आणि १९१६ साली छापले गेले. एका मराठी राजाच्या सरकारने करवून घेतलेलं हे काम आपल्याकडे अधिक आठवणीत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

अहवालातली नावं अर्थातच लॅटिन. मला ओढ होती ती दुसऱ्या नावांची. ज्यांचं पोट या समुद्रावर आहे, ज्यांचे पाय रोज या चिखलात बुडतात, ती माणसं या चमत्कारिक जिवांना काय म्हणतात? शिमगा आटोपला, फाल्गुनातली अमावास्या तोंडावर आली, आणि मी आणि माझी मैत्रीण जामनगरला जाऊन उतरलो. अमावास्या मुद्दाम धरली होती. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते, आणि एरवी पाण्याखाली असलेली जमीन पायी चालून पाहता येते.

कच्छच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. तोंडाशी रुंद, आत जावं तसा अरुंद. भरतीचं पाणी आत शिरलं की दोन्ही बाजूंनी कोंडलं जातं आणि उंच चढतं. आखाताच्या आतल्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक सात मीटरच्या घरात जातो, म्हणजे दुमजली घर बुडेल इतका. भारतातली सगळ्यात उत्तरेकडची प्रवाळं याच आखातात आहेत. दिवसातून दोनदा ती उघडी पडतात, ऊन सोसतात, गढूळ पाणी सोसतात आणि तरी जगतात. १९८०मध्ये इथे सागरी अभयारण्य झालं आणि १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. त्याआधी बरीच वर्षं याच प्रवाळांची वाळू सिमेंटसाठी उपसली जात होती.

नरारा हे त्या उद्यानातलं पायी जाता येण्याजोगं बेट. जामनगरहून साठेक किलोमीटरवर वाडीनारजवळ. वन खात्याची परवानगी घ्यायची, जुने कॅनव्हासचे बूट घालायचे, सोबत वाटाड्या घ्यायचा आणि पाणी ओसरत जाईल तसं त्याच्या मागे चालायचं. सुरुवातीला तिवरांची झुडपं लागतात. त्यांना इथे चेर म्हणतात. जनावरांना त्याचा पाला आवडतो, आणि खाराई नावाची इथली उंटांची जात तर चेर खायला पोहत जाते. पुढे चिखल, मग वाळू, मग खडक, आणि खडकांमधल्या खळग्यांत अडकून राहिलेलं स्वच्छ पाणी. पाहायचं ते या खळग्यांत.

पहिल्याच मोठ्या खळग्यात ताटाएवढं काहीतरी पसरलेलं होतं. करड्या-हिरव्या रंगाचं, कडा झालरीसारख्या दुमडलेल्या आणि सगळ्या अंगावर आखूड, जाडसर केसर. वाटाड्या म्हणाला, दरियाई फूल. मराठी पुस्तकांत याला समुद्रपुष्प म्हणतात. दोन भाषांतल्या माणसांना एकच गोष्ट दिसली, आणि ती दिसणं स्वाभाविकच आहे. पण हे फूल शिकारी आहे. त्या केसरांच्या टोकांवर सूक्ष्म डंख असतात. लहानसा मासा किंवा कोळंबी चुकून टेकली की डंख सुटतात, केसर मिटतात आणि भक्ष्य मधल्या तोंडाकडे ढकललं जातं. तोंड एकच, आत जायचं तेही त्यातून आणि टाकाऊ बाहेर यायचं तेही त्यातूनच. आमच्या वाटाड्याने बोट लावू दिलं नाही आणि स्वतःही लावलं नाही. ते पाहून मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

थोड्या अंतरावर दरियाई काकडी. आपल्याकडेही समुद्रकाकडीच म्हणतात. काळपट, मऊ, वाळूत आळसावून पडलेली. तारामाशाची ही नातलग आहे, हे सांगूनही पटत नाही. हिचं श्वसन गुदद्वारातून चालतं. त्या वाटेने पाणी आत ओढायचं, आतल्या झाडासारख्या फांद्यांमधून प्राणवायू घ्यायचा आणि पाणी परत सोडायचं. फारच छळ झाला तर ती आपली आतडी शत्रूच्या तोंडावर टाकून देते आणि नंतर नवी तयार करते. वाळू गिळायची, त्यातला सेंद्रिय गाळ पचवायचा आणि स्वच्छ वाळू मागे टाकायची, असा हिचा दिनक्रम. समुद्राच्या तळाची मशागत ही करते. पूर्व आशियात तिला खाण्यासाठी मोठी किंमत मिळते, म्हणून तिची बेसुमार लूट झाली. २००१पासून आपल्या देशात समुद्रकाकड्या धरायला आणि विकायला पूर्ण बंदी आहे. तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही. ज्या प्राण्याला काकडी म्हटलं जातं त्याच्यासाठी कळवळा वाटायला थोडा वेळ लागतो, हे मी तिथे उभी असताना माझ्याच मैत्रिणीच्या चेहऱ्यावर पाहिलं. श्वसनाचं आणि आतड्यांचं सांगितल्यावर मात्र ती खाली वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

प्रवाळांचे गोल दगड लागले. त्यांच्यावरच्या वळ्या पाहून वाटाड्याने नाव सांगण्याऐवजी आपला तळहात डोक्यावर ठेवला. मेंदू. जगभरात या प्रवाळाला मेंदूवरूनच नावं आहेत. एका दगडाच्या फटीत अष्टपाद होता. आम्ही सावली पाडली तसा तो तपकिरीचा पांढुरका झाला आणि पुढच्या क्षणी खडकाच्या रंगाचा. तीन हृदयं आणि निळं रक्त असलेला हा प्राणी. रक्तात लोहाऐवजी तांबं असतं म्हणून ते निळं. त्याला नाव मिळालं ते पायांच्या संख्येवरून.

मग केंड दिसला. हा मला ओळखीचा. कोकणात केंड म्हटलं की मच्छीमाराच्या कपाळाला आठी पडते. त्याचे दात एकमेकांना जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. त्या चोचीने तो शिंपले फोडतो आणि जाळंही फाडतो. जाळ्यात सापडलेला बांगडा कुरतडतो आणि वर जाळ्याची दुरुस्ती अंगावर टाकतो. याच्या कुळातल्या कित्येक माशांच्या यकृतात आणि अंडाशयात जहाल विष असतं, त्यामुळे धरून खायचीही सोय नाही. घाबरला की तो पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो. हे फुगणं त्याचा शेवटचा उपाय आहे, त्यात त्याची ताकद जाते, आणि परत परत फुगायला लावलं तर जीवही जातो. समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलींचे फोटो पाहताना फुगलेला केंड तळहातावर घेऊन हसणारी माणसं हमखास दिसतात. मला ते फोटो पाहवत नाहीत. पाण्यात, आपल्या आकारात पोहणारा केंड पाहावा. त्याचे डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, कल्ल्यांमागचे छोटे पर पंख्यासारखे थरथरतात, आणि तो आपल्याकडे पाहतो आहे हे स्पष्ट कळतं.

पाणी परतायला लागलं तसा वाटाड्याने आम्हाला मागे वळवलं. येताना चिखलात चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या पडलेल्या होत्या. उजेडासमोर धरली की पलीकडचं पुसटसं दिसतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी याच जातीची शिंपली चौकोनी कापून लावत. ऊन आत यावं पण झळ येऊ नये, अशी ती तावदानं. इंग्रजीतही तिचं नाव खिडकीवरूनच आहे. आखाताच्या या बाजूला मात्र तिच्याकडे लोक पाहत ते तिच्या पोटातल्या बारीक मोत्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी द्वारका. गोमतीच्या घाटावर, मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत शंख, कवड्या आणि गोमतीचक्रांची दुकानं ओळीने लागतात. गोमतीचक्र म्हणजे बोटाच्या पेराएवढा पांढरट खडा, एक बाजू फुगीर आणि दुसरी सपाट. सपाट बाजूवर रेखीव आवर्त असतं. विष्णूचं सुदर्शन म्हणून ते देवघरात ठेवतात, तिजोरीत ठेवतात, लहान मुलांच्या गळ्यात बांधतात. हा खडा नाही, हे समुद्री गोगलगायीच्या घराचं दार आहे. गोगलगाय अंग आत ओढून घेते आणि पायाला चिकटलेलं हे झाकण तोंडावर घट्ट बसवते. खेकड्याची नांगी आत जाऊ नये, ओहोटीच्या उन्हात अंग सुकू नये, म्हणून. गोगलगाय वाढते तसं झाकणही कडेकडेने वाढतं, आणि त्या वाढीची खूण म्हणजे ते आवर्त. गोगलगाय मेल्यावर झाकण सुटतं आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं. द्वारकेची चक्रांकित शिलाही अशीच. शाळिग्रामाशेजारी ठेवून तिची पूजा होते. तिच्यावरची चाकं प्रवाळाची आहेत. एकेका चाकात कधीकाळी एकेक जीव राहत होता. हे कळल्यावर श्रद्धा उणावते असं मला वाटत नाही. माझी आजी अशी शिला पुजत असे. तिला हे सांगता आलं असतं तर तिने ती आणखी जपली असती.

ओख्याहून बेट द्वारकेला पूर्वी होडीनेच जावं लागे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुदर्शन सेतू खुला झाला आणि आता गाडी थेट बेटावर जाते. या बेटाचं जुनं नाव शंखोद्धार. सांदीपनींच्या मुलाला पळवणारा पंचजन दैत्य समुद्रात शंखरूपाने राहत होता, कृष्णाने त्याला मारून पांचजन्य मिळवला, ही कथा इथलीच मानतात. कथेइतकाच खरा आहे तो इथला शंखांचा धंदा. ओखामंडळच्या किनाऱ्यावर पूजेचा शंख पिढ्यान्‌पिढ्या गोळा केला गेला. हॉर्नेलला या शंखाने इतकं झपाटलं की त्याने भारतीय शंखावर वेगळं लेखन केलं.

दुकानदाराने आम्हाला दक्षिणावर्ती शंख दाखवला आणि किंमत सांगितली ती ऐकून आम्ही हात मागे घेतले. या नावातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. गोगलगायीचा शंख बहुतेक वेळा एकाच दिशेने वळतो. पूजेच्या शंखांच्या जातीत उलट्या दिशेने वळलेला एखादाच निघतो, आणि दुर्मीळ म्हणून तो पवित्र. आपण त्याला उजवा म्हणतो, प्राणिशास्त्रज्ञ डावा म्हणतात. कारण साधं आहे. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचं निमुळतं, मळसूत्री टोक वर धरतात आणि आपल्या परंपरेत ते खाली असतं. वस्तू एकच, धरण्याची रीत उलटी. बाजारात मिळणारे स्वस्त दक्षिणावर्ती शंख मात्र बहुधा दुसऱ्याच जातीचे असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक गोगलगाय आहे जी जन्मजात उलटीच वळते. तिचे शंख आपल्याकडे देवाच्या नावाने विकले जातात. घेणाऱ्याने आतल्या कडेवर पाहावं. पूजेच्या खऱ्या शंखाच्या मधल्या दांड्यावर ठळक पीळ असतात.

संध्याकाळी किनाऱ्यावर पांढरे, होडीच्या आकाराचे हलके तुकडे वेचायला मिळाले. नख लावलं की भुगा पडतो. समुद्रफेन. आयुर्वेदाच्या दुकानात मिळतं, पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला देतात. समुद्राचा फेस वाळून घट्ट झाला असावा असं कुणाला तरी फार पूर्वी वाटलं, आणि नाव पडलं. खरं तर ते माकुलाच्या पाठीतलं कवच आहे. त्यात असंख्य बारीक कप्पे असतात. कप्प्यांतलं पाणी आणि वायू कमी-जास्त करून माकूल पाण्यात हवं तितकं वर किंवा खाली राहतं. मालवणकडे माकूल ताटात रोज असतं आणि समुद्रफेन वैद्याकडे, पण दोन्ही एकाच प्राण्याची आहेत हे ठाऊक असणारी माणसं थोडी.

इथवरचा प्रवास लहान जिवांचा झाला. मी खरी निघाले होते ती वेरावळसाठी. द्वारकेहून पोरबंदर आणि मांगरोळ करत किनाऱ्याच्या रस्त्याने खाली उतरलं की वेरावळ येतं. सोमनाथ पुढे हाकेवर. देशातल्या मोठ्या मासळी बंदरांपैकी हे एक. हजारो होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, काठावर लाकडी होड्या बांधण्याचे कारखाने, हवेत सुक्या मासळीचा आणि डिझेलचा वास. इथले मच्छीमार मुख्यतः खारवा आणि कोळी. याच किनाऱ्यावर एका प्राण्याचं नाव बदललं आणि त्याचा जीव वाचला.

तो प्राणी म्हणजे व्हेल शार्क. मुशीच्या कुळातला, जगातला सगळ्यात मोठा मासा. बारा मीटर लांबी सहज भरते, त्याहून मोठेही आढळले आहेत. तोंड माणूस आडवा मावेल इतकं रुंद, पण खाणं अगदी बारीक: तरंगते सूक्ष्मजीव, माशांची अंडी, लहान कोळंब्या, छोटे मासे. तोंड उघडं ठेवून संथ पोहायचं आणि कल्ल्यांमधून पाणी गाळायचं. दात तीनशेच्या आसपास ओळींत असतात, तांदळाच्या कणीएवढे, आणि खाताना त्यांचा उपयोग होत नाही. पाठ काळसर निळी आणि तिच्यावर पांढरे ठिपके, आडव्या-उभ्या फिकट रेषांमध्ये मांडलेले.

या ठिपक्यांनी जगभरच्या माणसांना नावं सुचवली. केनियाच्या किनाऱ्यावर त्याला पापा शिलिंगी म्हणतात. देवाने हा मासा पाहिला, आनंदाने त्याच्या पाठीवर शिलिंगची नाणी उधळली, अशी तिथली कथा आहे. मादागास्करमध्ये मारोकिंताना, म्हणजे पुष्कळ तारे असलेला. जावा बेटावर गेगेर लिंतांग, पाठीवर तारे वागवणारा. जपानमध्ये जिनबेई-झामे. जिनबेई म्हणजे उन्हाळ्यात घालायचा सैल सुती अंगरखा, त्याच्या कापडावरच्या नक्षीसारखे हे ठिपके. गंमत अशी की तारे पाहणाऱ्यांचं म्हणणं विज्ञानाच्याही कामी आलं. प्रत्येक व्हेल शार्कच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. फोटोवरून एकेकाला ओळखायला शास्त्रज्ञांनी जी गणिती पद्धत घेतली ती मुळात खगोलशास्त्रज्ञांची, हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत ताऱ्यांचे समूह जुळवण्यासाठी वापरलेली.

सौराष्ट्रात मात्र त्याचं नाव होतं बॅरल. पिंप. हे नाव प्राण्याकडे पाहून पडलेलं नव्हतं, शिकारीच्या साधनावरून पडलेलं होतं. होडीवरून मोठा गळ त्याच्या अंगात रुतवायचा. गळाला दोर आणि दोराला रिकामी पिंपं बांधलेली. प्राणी खोल जाऊ पाहतो, पिंपं त्याला वर ओढतात. तासन्‌तास तो झुंजतो, दमतो, मग त्याला ओढत किनाऱ्यावर आणायचं. यकृतातलं तेल होड्यांच्या लाकडाला लावायला पूर्वीपासून वापरत. नव्वदच्या दशकात परदेशी बाजार खुला झाला आणि शिकार वाढत गेली. मांस जाई मुख्यतः तैवानकडे. तिथे या माशाला नाव आहे टोफू शार्क, कारण शिजलेलं मांस टोफूसारखं मऊ आणि पांढरं होतं. म्हणजे एका टोकाला पिंप, दुसऱ्या टोकाला टोफू. या दोन नावांच्या मधल्या समुद्रात तो प्राणी म्हणून कुणाच्याच नजरेला पडत नव्हता. त्याचे तारे पाहायला कुणाला सवड नव्हती.

माइक पांडे यांनी या शिकारीवर केलेला 'शोर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट २००० साली आला. रक्ताळलेल्या वाळूवर ओढत आणलेले ते अवाढव्य देह देशाने पहिल्यांदा पाहिले. २००१मध्ये व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. वाघाला जे संरक्षण, ते एका माशाला. असं संरक्षण मिळालेला तो देशातला पहिला मासा. पण कायदा झाला तो दिल्लीत. किनाऱ्यावर ज्याच्या घरावर त्या शिकारीच्या पैशाने पत्रे चढले होते, त्याला हा मासा का मारायचा नाही हे कुणी नीट सांगितलं नव्हतं.

२००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वन खातं, टाटा केमिकल्स आणि आयफॉ ही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून मोहीम काढली आणि मोरारीबापूंना साद घातली. बापू रामकथा सांगतात, सौराष्ट्रातच वाढलेले, आणि खारव्यांच्या घराघरांत त्यांचा शब्द मानतात. त्यांनी लोकांपुढे जी गोष्ट ठेवली ती साधी होती. हा मासा दूरच्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला येतो. पहिलं बाळंतपण करायला लेक माहेरी येते, तशी ही येते. दारी आलेल्या लेकीला कुणी मारतं का? आणि बॅरलचं नाव पडलं व्हाली. व्हाली म्हणजे लाडकी, जिवाची. गुजरातीत लेकीलाही असं म्हणतात.

मराठी वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायला नकोच. आपलं माहेर आणि गुजरातीतलं पियर या दोन शब्दांच्या आत एकच घर आहे. चोळी, खण, डोहाळजेवण, सातव्या महिन्यात येणारी लेक, तिच्यासाठी राखून ठेवलेली खोली. मोहिमेत गावोगाव एक पथनाट्य होत असे. त्यात मच्छीमाराची गरोदर मुलगी माहेरी येते आणि त्याच वेळी समुद्रात व्हाली जाळ्यात सापडते. खऱ्या आकाराची हवा भरलेली व्हालीची प्रतिकृतीही बंदराबंदरांतून फिरवली गेली; मुलं तिच्या शेपटीपासून तोंडापर्यंत चालत जाऊन लांबी मोजत. पोरबंदर शहराने तिला सगळ्यात आधी आपलं मानचिन्ह केलं. मग बाकीची किनारी गावं पुढे आली. गुजरातेत कार्तिक अमावास्येला तिचा दिवस पाळतात.

भावनेच्या जोडीला व्यवहारही होता, आणि तो नसता तर हे टिकलं नसतं असं माझं मत आहे. व्हाली जाळ्यात अडकली की तिला सोडवण्याचा एकच खात्रीचा मार्ग, जाळं कापणं. जाळं म्हणजे मच्छीमाराचं भांडवल. म्हणून कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकारने देऊ केली. सुरुवातीला खात्याचा माणूस समुद्रात पोचेपर्यंत वाट पाहावी लागे आणि तोवर मासा घायकुतीला येई. मग मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे दिले. जाळं कापताना फोटो काढायचा आणि तोच पुरावा धरायचा. मासा लगेच मोकळा होऊ लागला. आजवर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर नऊशेहून अधिक व्हेल शार्क अशा सोडल्या गेल्या आहेत. ज्या हातांनी गळ फेकले, त्यांतल्याच कित्येक हातांनी पुढे जाळी कापली.

व्हेल शार्क अंडी घालत नाही. अंडी पोटातच फुटतात आणि जिवंत पिल्लं जन्मतात. १९९५मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्लं निघाली, वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. इतकी मोठी कूस दुसऱ्या कुठल्याही मुशीच्या पोटात आढळलेली नाही. मोरारीबापूंच्या गोष्टीतली लेक केवढी भरल्या ओटीची आहे, हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते.

वेरावळच्या धक्क्यावर मासळी उतरत होती. पापलेट, घोळ, वाम, पाकट, ढीगभर माकूल. घोळ हा २०२३पासून गुजरातचा राज्यमासा आहे; त्याच्या पोटातल्या फुगवट्याला, म्हणजे बोताला, सोन्यासारखा भाव येतो. पलीकडच्या होडीवरून एकाएकी मराठी ऐकू आलं. पालघर-डहाणूकडची बरीच मंडळी सौराष्ट्रातल्या होड्यांवर खलाशी म्हणून हंगामभर काम करतात. त्यांतले तिघे जाळं सांधत बसले होते. ताई कुठल्या, म्हणून त्यांनीच विचारलं, आणि मग आम्हाला होडीच्या काठावर जागा करून दिली. त्यांच्या बोलण्यात एकाच वाक्यात दोन किनारे येत होते: बोंबील म्हणता म्हणता बूमला, चिंबोरी म्हणता म्हणता करचलो.

मी व्हालीचा विषय काढला. त्यांतल्या वयाने थोरल्याने तिला दोनदा जवळून पाहिलं होतं. एकदा ती नुसतीच होडीच्या बाजूने गेली. दुसऱ्यांदा पहाटे जाळं ओढताना ते जड लागलं, आणि पाण्यावर आली ती तिची पाठ. तांडेलाने जाळं कापायला सांगितलं. कापताना ती शांत होती, हे त्याने दोनदा सांगितलं. शेपटीचा एक फटका पुरला असता, पण तिने तो मारला नाही. जाळं सुटल्यावरही ती लगेच खाली गेली नाही, थोडी होडीबरोबर राहिली. त्याच्या हातातली सुई बोलताना थांबली होती. धाकट्याला यात नवल वाटत नव्हतं. तो या किनाऱ्यावर आला तेव्हा तिचं नाव व्हालीच होतं. बॅरल हे नाव त्याने ऐकलेलंच नव्हतं.

आपल्याकडे काय करतात, असं मी विचारलं. आपल्या किनाऱ्यावरही व्हेल शार्क येते, सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत जाळ्यात सापडते आणि सोडलीही जाते. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८पासून अशी भरपाई सुरू आहे. कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडवताना जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत मिळतात आणि फोटो हाच पुरावा धरतात. थोरल्याला ते माहीत होतं. त्याच्या मेव्हण्याने कासवासाठी तसे पैसे घेतले होते. फोटो कसा काढायचा, कासवाचं तोंड आणि होडीचा नंबर दोन्ही एकाच चौकटीत कसे आणायचे, कागद कुणाकडे द्यायचे, हे तो मला बारकाईने समजावू लागला. धाकट्याने आपला फोन काढला आणि मेव्हण्याचा तो फोटो शोधायला घेतला.